गतविजेत्याची गत

आयुष्यात मी एकदाच काहीतरी जिंकलो आहे. फेब्रुवारी २०१६, ऑफिसचा वार्षिक क्रीडा महोत्सव, कॅरम, पुरुष एकेरी. या विजयाची हकिगत मी आजवर अनेकांना सांगितली असली तरी खरी कोणालाच सांगितलेली नाही. पहिल्या फेरीत माझा प्रतिस्पर्धी आलाच नाही, कारण मुलाच्या शाळेचं गॅदरिंग होतं. उपांत्य फेरीत समोर बसलेले गृहस्थ ओळीनं पाच वर्षांचे विजेते, पण त्याच सकाळी त्यांच्या हातात गडचिरोलीच्या बदलीचा कागद पडला होता. स्ट्रायकर धरताना त्यांचा हात असा थरथरत होता की बोरिक पावडर टाकायची गरजच उरली नव्हती. आणि अंतिम सामन्यातल्या तरुणाचं तर्जनीचं टोक आदल्या रविवारी गरम हुरडा चोळताना पोळलं होतं. तो मधल्या बोटानं खेळला. मी तीन गेमांत जिंकलो.

बक्षीस म्हणून एक भिंतीवरचं घड्याळ मिळालं. ते रोज दहा मिनिटं मागं पडतं. पण हॉलमध्ये ते टीव्हीच्या बरोबर वर लावलंय, कारण खाली माझं नाव आहे.

हे सांगायचं कारण असं की, त्याच वर्षी मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मी पेपरात वाचलं की इंग्लंडमध्ये लेस्टर सिटी नावाचा फुटबॉल क्लब प्रीमियर लीग जिंकला. हंगामाच्या सुरुवातीला त्यांच्यावर पाच हजारास एक असा भाव होता. त्याच्या आदल्या वर्षी ते खालच्या विभागात ढकलले जाता जाता वाचलेले. त्यांचा इटालियन प्रशिक्षक क्लाउडिओ रानिएरी याआधी ग्रीसच्या राष्ट्रीय संघाकडे होता आणि फेरो बेटांसारख्या चिमुकल्या देशाकडून हरल्यावर त्याला नारळ मिळाला होता. सगळ्यात गोड गोष्ट म्हणजे विजेतेपद नक्की झालं तेव्हा लेस्टर खेळतच नव्हतं! टॉटनहॅमनं चेल्सीशी २-२ अशी बरोबरी केली आणि हे सगळे खेळाडू आपल्यातल्याच जेमी वार्डीच्या घरी टीव्हीसमोर बसून विजेते झाले.

प्रतिस्पर्धी गॅदरिंगला गेल्यामुळे पुढच्या फेरीत पोचलेल्या माणसाला यापेक्षा जवळचा संघ कोणता वाटणार? त्याच दिवशी मी लेस्टरचा झालो.

त्याआधी फुटबॉलमधलं मला काय कळत होतं, तर गोलकीपरला हात लावायची परवानगी असते, एवढंच. पण माणूस एकदा विजेता झाला की त्याला सगळ्या विजेत्यांबद्दल बोलायचा अधिकार येतो. दुसऱ्या दिवशी ऑफिसात चहाच्या वेळी मी जाहीर केलं, ‘‘लायसेस्टरनं काय कमाल केली!’’

आवक-जावकला नुकताच लागलेला कोल्हापूरचा एक मुलगा कपातून वर न बघता म्हणाला, ‘‘सर, ते लेस्टर. मधली अक्षरं बिनपगारी रजेवर असत्यात.’’

सगळे हसले. मीही हसलो, थोडा उशिरा.

हा मुलगा पुढं माझ्या आयुष्यात फार त्रासदायक ठरणार होता. कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे काय प्रकरण आहे, ते मला त्याच्याकडून कळलं. तिथं क्लब नसतात, तालमी आणि तरुण मंडळं असतात. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा. राजर्षी शाहू स्टेडियमवर सामना असला की पेठाच्या पेठा रिकाम्या होतात. मी त्याला सांगितलं की मी लेस्टर निवडलंय. तो माझ्याकडं जरा कीव आल्यासारखा बघत राहिला.

‘‘टीम निवडत नसतात ओ सर. ज्या पेठेत जन्मलो, ती टीम. जिंकली तरी आपली, हरली तरी आपलीच की.’’

‘‘मग तुझी इंग्लंडमधली?’’

‘‘इंग्लंडात आमची पेठ न्हाई,’’ तो म्हणाला आणि टपाल फोडायला निघून गेला.

मी अर्थातच त्याला पटवून द्यायला गेलो आणि त्या भरात पैज लावली. पुढच्या हंगामात वीस संघांत लेस्टर पहिल्या दहात आलं नाही, तर आख्ख्या विभागाला मिसळ. विभागात तेवीस माणसं. मला वाटलं, विजेते आहेत, पहिल्या दहात यायला त्यांना झोपेतसुद्धा जमेल.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात कॅम्पातल्या फॅशन स्ट्रीटवर जाऊन मी निळी जर्सी घेतली. पाठीवर नाव कोणाचं छापायचं? वार्डी सगळेच छापतात. मला जाणकार दिसायचं होतं, म्हणून मी चार-पाच लेख वाचून एन्गोलो कांटे हा मिडफिल्डर निवडला. ठेंगणा, अबोल, हसरा माणूस. पण समोरच्याच्या पायातून चेंडू काढून घ्यायचं काम असं करायचा की चाहते म्हणायचे, पृथ्वीचा बहुतांश भाग पाण्यानं व्यापलाय आणि उरलेला कांटेनं. मी छापून घेतलं : इंग्रजीत कांटे, खाली १४.

१६ जुलैला कांटे चेल्सीला गेला.

तीन कोटी वीस लाख पौंडांच्या आसपास सौदा झाला म्हणे. माझे साडेचारशे रुपये कोणी विचारात घेतले नाहीत.

तेव्हा मला कळलं नव्हतं, पण लेस्टरचा पुढचा सगळा हंगाम त्या एका जागेच्या भोकातून गळत गेला. त्यांची रचना साधी होती. मागं वेस मॉर्गन आणि रॉबर्ट हूथ हे दोन दणकट, पण धावायला संथ बचावपटू. मध्ये फक्त दोघं. चेंडू हिसकावला की लांबवर वार्डीसाठी फेकायचा आणि तो सुसाट सुटायचा. मध्ये दोघंच असूनही भागायचं, कारण त्यातला एक कांटे होता आणि तो दोन माणसांएवढा होता. तो गेल्यावर मध्ये खरोखरच दोघं उरले. शिवाय आदल्या वर्षी सगळे प्रतिस्पर्धी लेस्टरला कमी लेखून पुढं चालून यायचे, त्यामुळे मागं वार्डीला धावायला मैदान मोकळं मिळायचं. आता विजेत्यांशी खेळायचंय म्हटल्यावर सगळे आपल्या गोलसमोर दार लावून बसायला लागले. त्यात आदल्या वर्षी दुखापती फारशा नव्हत्या आणि युरोपातले सामनेही नव्हते. थोडक्यात, गॅदरिंग, बदली आणि हुरडा एकाच वर्षी आले होते. ते दर वर्षी येत नाहीत.

१३ ऑगस्टला पहिला सामना, हल सिटीशी. आपल्याकडं संध्याकाळचे पाच. मी भावाच्या कुटुंबाला बोलावलं, बायकोला कांदाभजी करायला लावली आणि जर्सी घालून टीव्हीसमोर बसलो. पुतण्याला सांगितलं, ‘‘बघ, विजेते कसे खेळतात.’’ हल नुकताच वरच्या विभागात आलेला संघ. त्यांचा प्रशिक्षक तीन आठवड्यांपूर्वी राजीनामा देऊन गेलेला, त्या जागी हंगामी माणूस, आणि धड असलेले मुख्य खेळाडू मोजून तेरा. म्हणजे समोरच्या संघाच्या सगळ्या बोटांना हुरड्याचे चटके.

लेस्टर २-१ हरलं. प्रीमियर लीग सुरू झाल्यापासून गतविजेता पहिल्याच सामन्यात हरण्याची ही पहिली वेळ. पुतण्या भजी खाता खाता म्हणाला, ‘‘काका, विजेते कुठल्या रंगाचे?’’

त्याच रात्री इंग्लंडमध्ये आणखी एक प्रसंग घडला. गॅरी लिनेकर हा मूळचा लेस्टरचाच जुना खेळाडू, तेव्हा टीव्हीवर फुटबॉलचा कार्यक्रम सादर करायचा. आदल्या वर्षी तो बोलून बसला होता की लेस्टर लीग जिंकलं तर पुढच्या हंगामाचा पहिला कार्यक्रम अंतर्वस्त्रांत सादर करीन. बिचाऱ्यानं शब्द पाळला आणि उघड्या अंगानं, पांढऱ्या चड्डीवर बसून देशाला सांगितलं की विजेते हरले. त्याच्याकडं बघून मला माझ्या मिसळीच्या पैजेबद्दल जरा हायसं वाटलं. माझे निदान कपडे शाबूत राहणार होते.

त्याच महिन्यात क्लबच्या थायलंडच्या मालकानं विजेत्या खेळाडूंना एकेक निळी बीएमडब्ल्यू भेट दिली. स्टेडियमबाहेर ओळीनं उभ्या त्या गाड्यांचा फोटो मी माझ्या घड्याळाखाली बसून बराच वेळ बघितला. मग असंही वाटलं, ज्याला अशी गाडी मिळते तो पुढच्या वर्षी कशाला धावेल?

शरद ऋतू विचित्र गेला. लीगमध्ये लिव्हरपूलनं चार गोल मारले, मँचेस्टर युनायटेडनं चार, चेल्सीनं तीन, आणि त्या चेल्सीच्या मधोमध माझ्या पाठीवरचं नाव घातलेला माणूस आमच्या पायातले चेंडू काढून घेत होता. पण युरोपातल्या चॅम्पियन्स लीगमध्ये हेच लोक वाघ! पहिला सामना बेल्जियममध्ये ब्रूजशी, आपल्याकडं मध्यरात्रीनंतर सव्वाबाराला, नेमका अनंत चतुर्दशी लागता लागता. हॉलमध्ये दहा दिवसांचा गणपती, त्याच्याशेजारी आवाज बंद केलेला टीव्ही आणि समोर जर्सीतला मी. लेस्टर ३-० जिंकलं. सकाळी आरतीला माझे डोळे लाल बघून सासूबाई म्हणाल्या, ‘‘बाप्पा जाणार म्हणून जावईबापूंना किती वाईट वाटतंय!’’ मी काही बोललो नाही. पहिले तीनही सामने जिंकून, पुढं गटात पहिले येऊन त्यांनी मला रात्री जागायची सवय लावली आणि लीगमध्ये हरून सकाळी ऑफिसात मान खाली घालायची.

नोव्हेंबरात नोटा बंद झाल्या. चिंचवडला एका बँकेच्या रांगेत मी सकाळी सात वाजल्यापासून उभा होतो. घाईत जी हाताला लागली ती जर्सी चढवलेली. मागून खांद्यावर हात पडला.

‘‘काटे का?’’

मी वळलो. पांढरी टोपी, भरदार मिश्या, गळ्यात जाड साखळी.

‘‘पाठीवर वाचलं. छापणाऱ्यानं मध्ये एक ‘एन’ जास्तीचा घातलाय बघा. कुठले? पिंपळे सौदागर?’’

आता इथं मी म्हणू शकलो असतो की नाही हो, हा एक फ्रेंच खेळाडू आहे, त्याचे आईवडील मालीचे, तो पूर्वी लेस्टरमध्ये होता, आता चेल्सीत आहे. पण पुढं ऐंशी माणसं होती. मी म्हणालो, ‘‘मूळचे तिकडलेच.’’

‘‘अरे, मग आपलेच की! चला पुढं, आमचे मेहुणे आत कॅशियर आहेत.’’

पंधरा मिनिटांत माझ्या हातात गुलाबी नोटा होत्या. बाहेर पडताना त्यांनी विचारलं, ‘‘चौदा नंबर कशाचा? गुंठे?’’ मी हो म्हणालो. लेस्टरच्या चाहत्याला त्या आख्ख्या वर्षात झालेला आर्थिक फायदा एवढाच.

डिसेंबरात एक शनिवार असा आला की वाटलं, गेले ते दिवस परत आले. वार्डीनं क्लबसाठी तीन महिने एकही गोल केला नव्हता, त्यानं मँचेस्टर सिटीवर तीन मारले. ४-२! मी कोल्हापूरच्या मुलाला रात्री फोन केला. तो म्हणाला, ‘‘सर, एका डावानं गेम होत न्हाई.’’

बरोबर बोलला. नव्या वर्षात लीगमधले पहिले सहा सामने झाले, लेस्टरचा गोल एकही नाही. एक बरोबरी आणि ओळीनं पाच पराभव. लीगमध्ये दुसऱ्याच्या मैदानावर तर तोवर आख्ख्या हंगामात एक विजय नव्हता. मी रात्री बसून गतविजेत्यांचा इतिहास वाचायला लागलो, कारण आजारी माणूस आपल्या आजाराचंच वाचतो. त्यात एक भयंकर नोंद सापडली. इंग्लंडमध्ये गतविजेता असताना खालच्या विभागात ढकलला गेलेला संघ इतिहासात एकच, १९३७-३८ चा मँचेस्टर सिटी. आणि त्या हंगामात विभागात सगळ्यात जास्त गोल त्यांनीच केले होते! आमचं काय, आम्ही तर गोलही करत नव्हतो.

याच सुमारास ऑफिसचा क्रीडा महोत्सव आला.

सूचनाफलकावर माझ्या नावापुढं कंसात लिहिलं होतं : गतविजेता. या शब्दात ‘गत’ आधी येतं, हे मला तोवर जाणवलं नव्हतं. महिनाभर मी घरी सराव केला. नवा स्ट्रायकर आणला, यूट्यूबवर अंगठ्यानं मारायचे व्हिडिओ पाहिले, बसायची पद्धत बदलली. रानिएरीनंही त्या हिवाळ्यात नेमकं हेच केलं होतं. वर्षभर जी रचना जशीच्या तशी ठेवून तो जिंकला, तीच आता दर सामन्यात बदलत होता. पूर्वी चेल्सीत असताना सतत फेरफार करणारा म्हणून त्याला टोपणनावच पडलं होतं. जिंकण्याच्या वर्षी ती खोड सुटली, जिंकल्यावर परत लागली. मी तर आयुष्यभर तर्जनीनं खेळलेला माणूस, त्या वर्षी अंगठ्यावर गेलो.

पहिल्या फेरीत समोर कोण? आवक-जावक.

यंदा तो गॅदरिंगला जाणार नव्हता, अविवाहित होता. बदली व्हायला अजून तीन वर्षं बाकी होती. हुरडा खाल्ला का, मी विचारलं. ‘‘आमच्याकडं उसाचं जास्त,’’ तो म्हणाला. बघायला पूर्ण विभाग जमलेला. ब्रेकच्या पहिल्या फटक्यात माझ्या अंगठ्यानं स्ट्रायकर थेट पॉकेटमध्ये घातला. दुसऱ्या डावात मी राणी घेतली, कव्हर करता आली नाही, ती परत मधोमध जाऊन बसली. मग मी तिच्याकडं आणि ती माझ्याकडं बघत राहिलो. सहाव्या डावात त्यानं सलग सात सोंगट्या घातल्या आणि नम्रपणे म्हणाला, ‘‘सर, तुम्ही बसायची जागा बदलली का?’’ पंचवीस-चार. दुसरा गेम पंचवीस-शून्य.

घरी आलो. घड्याळात साडेसहा वाजले होते, म्हणजे सहा चाळीस.

त्यानंतर काही दिवसांत लेस्टर एफए कप स्पर्धेत मिलवॉलकडून हरलं. मिलवॉल तिसऱ्या पातळीवरचा संघ, आणि त्यांचे दहाच खेळाडू मैदानात उरलेले. २३ फेब्रुवारीला क्लबनं रानिएरीला काढलं. ९ जानेवारीला त्याला जगातला सर्वोत्तम प्रशिक्षक म्हणून फिफाचा पुरस्कार मिळाला होता. दीड महिन्यात सर्वोत्तम ते बेकार! खेळाडूंनीच त्याच्याविरुद्ध कारस्थान केलं असं बोललं गेलं, खेळाडूंनी ते नाकारलं. मला खरं सांगायचं तर त्या रात्री रडू आलं. बायको शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, ‘‘त्यांना निदान पैसे तरी मिळाले असतील. तू त्यांच्यासाठी रडतोयस की पंचवीस-शून्यसाठी?’’ हा प्रश्न तिनं विचारायला नको होता.

रानिएरीच्या जागी त्याचा साहाय्यक क्रेग शेक्सपिअर आला. मी ऑफिसात जाहीर विनोद केला की शेक्सपिअर आल्यावर शोकांतिका ठरलेलीच. झालं भलतंच. पहिल्याच सामन्यात लिव्हरपूलला ३-१ हरवलं आणि तो धरून लीगमधले ओळीनं पाच सामने जिंकले. तेच खेळाडू, तीच जुनी रचना, लांब चेंडू आणि धावणारा वार्डी. मीही घरच्या बोर्डावर परत तर्जनीवर आलो आणि ओळीनं पाच डाव जिंकलो. समोर कोणी नव्हतं, ते सोडा.

मार्चच्या मध्यावर चॅम्पियन्स लीगमध्ये सेव्हियाशी परतीचा सामना. पहिल्या सामन्यात २-१ अशी पिछाडी होती. रात्रीचा सव्वा वाजलेला. मॉर्गननं एक गोल केला, ऑलब्रायटननं दुसरा. मी तोंडात उशी धरून बसलो होतो. मग शेवटच्या दहा-बारा मिनिटांत सेव्हियाला पेनल्टी मिळाली. गोलकीपर कॅस्पर श्मायकेलनं पहिल्या सामन्यातही एक पेनल्टी अडवली होती, माणूस दर वेळी काय अडवणार? त्यानं अडवली!

उशी कुठं गेली कळलं नाही. मी जे ओरडलो, ते पहिल्यांदा बी विंगला ऐकू गेलं, मग कुत्र्यांना, मग वॉचमनला. त्यानं शिट्टी फुंकली. मला वाटलं, सामना संपला. म्हणून मी परत ओरडलो. पाच मिनिटांनी दारात वॉचमन, सेक्रेटरी आणि हातात बॅट घेतलेले तिसऱ्या मजल्यावरचे काका. ‘‘चोर कुठंय?’’ मी म्हणालो, ‘‘क्वार्टर फायनलमध्ये.’’

एप्रिलमध्ये ॲटलेटिको माद्रिदनं आमचं विमान उतरवलं. तरी युरोपातल्या शेवटच्या आठ संघांत इंग्लंडचा एकटा लेस्टर होता, हे मी त्या दिवसांत लिफ्टमध्ये भेटेल त्याला सांगत होतो. लोक जिन्यानं जायला लागले.

हंगाम संपायला तीन दिवस असताना टॉटनहॅमनं आमच्या घरच्या मैदानावर येऊन आम्हाला ६-१ असं हरवलं. शेवटचा सामना बोर्नमथशी १-१. आदल्या वर्षी ८१ गुण, यंदा ४४. क्रमांक बारावा.

‘‘बारा आणि दहात काय मोठा फरक आहे?’’ मी आवक-जावकला म्हणालो.

‘‘सर, दहा म्हंजे दहा.’’ आणि त्यानं मिसळवाल्याचा नंबर माझ्यासमोर ठेवला. तेवीस प्लेट, जादा पाव, जादा तर्री. स्वतः त्यानं एक घास खाऊन, ‘‘ही मिसळ न्हवं,’’ असा कोल्हापुरी निकाल दिला आणि तरी दोन प्लेट संपवल्या.

त्या वर्षी लीग कोणी जिंकली? चेल्सीनं. म्हणजे एन्गोलो कांटे ओळीनं दोन वर्षं, दोन वेगळ्या क्लबांतून विजेता. पुतण्या घरी आला होता, त्यानं माझी जर्सी हातात घेऊन उलटसुलट पाहिली.

‘‘काका, हीपण निळी, चेल्सीपण निळी. नाव तेच. तिथं त्याचा नंबर फक्त सात आहे. चार काढून टाक, एकच्या डोक्यावर आडवी पट्टी चिकटव, झाला सात. तू परत विजेता!’’

मी त्याला झापलं. टीम निवडत नसतात, जिंकली तरी आपली, हरली तरी आपलीच, असं सगळं कोल्हापूरचं तत्त्वज्ञान स्वतःचं म्हणून ऐकवलं. तो गेला. जेवणं झाली. सगळे झोपल्यावर मी स्वयंपाकघरात हळूच इस्त्री तापवली. फक्त चार निघतो का, बघायला.

नायलॉनचा वास घरभर पसरला. चार निघाला, जर्सीसकट. पाठीवर नाव राहिलं, खाली एक राहिला आणि एकच्या शेजारी मूठ जाईल एवढं भोक.

बायको दारात उभी होती. तिनं भोकातून हात घालून पाहिला.

‘‘एवढी घाई कशाला केलीस?’’ ती म्हणाली. ‘‘पुढच्या वर्षी कोण जिंकतंय ते बघून एकदाच केलं असतंस.’’